दहावा

वर्ग रविवारी संध्याकाळी सातला.
घरी रेंज नाही, म्हणून पिकअप घेऊन
सहकारी संघाच्या सायलोपाशी जाते,
लॅपटॉप स्टिअरिंगला टेकवते,
मातेचा भोपळा डॅशबोर्डवर, थर्मास मांड्यांत.
अंगाला गोठ्याचा वास. पडद्यातून तो पलीकडे जात नाही,
हा या शिक्षणाचा मोठाच फायदा.

वय अठ्ठावन्न. एन्त्रे रिओसच्या या सपाट मुलखात
तेहतीस वर्षं गुरांची डॉक्टर.
इथले शेवटचे रब्बी मी शाळेत असताना गेले,
रोसारिओला, मुलाकडे, कोंबड्या आम्हाला देऊन.
तेव्हापासून सिनेगॉगची किल्ली बेकरीत असते.

चौकटींत आम्ही अकरा जण.
व्रोत्स्वाफच्या यारेककडे मध्यरात्र,
ऑकलंडच्या तमाराकडे सोमवार वर आलेला,
रब्बी तोवा मॉन्ट्रियलहून, खांद्यावर मांजर.

त्या दिवशी प्रश्न गाईचा होता.
कुरणात मेलेली गाय, शिंगं माखलेला शेजाऱ्याचा बैल
आणि बाजूला मेलेलं वासरू.
बैलाने भोसकलं तेव्हा ते पोटात होतं
की आधीच जन्मलेलं? कुणी पाहिलं नाही.
भरपाई किती?
दहा जण पोथीवर वाकले.
त्यांतल्या एकानेही कधी गाय चाचपली नव्हती.
मी म्हटलं, सोपं आहे.
खूर पाहा. न जन्मलेल्याच्या खुरांना मऊ पिवळी टोपरं असतात,
चार पावलं चाललं की झिजतात.
नाहीतर फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाका:
श्वास घेतला असेल तर तरंगेल,
नसेल तर तळाला जाईल.
कुणीतरी टाळ्यांचं चित्र पाठवलं.
रब्बी तोवा हसल्या नाहीत.
ओल्गा, म्हणाल्या, समज, वासरू कोल्ह्यांनी नेलं.
खूर नाहीत, फुप्फुस नाही.
दोन शेजारी तुझ्या दारात उभे आहेत
आणि संध्याकाळ होत आली आहे.
तुझं काम तिथून सुरू होतं.

मला राग आला. आठवडाभर पुरला.

ऑगस्टमध्ये दोन्या फान्नी पेरेलमुतेर गेल्या.
ब्याण्णव. मला अक्षरं त्यांनी शिकवली होती,
पिठाच्या ताटात बोटाने, उजवीकडून डावीकडे.
त्यांना मी आणि मिर्ताने धुतलं.
विधी मला पाठ होता, परीक्षेत पूर्ण गुण होते.
कोपर इतकं हलकं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

कबरस्तानात आम्ही नऊ.
प्रार्थनेला दहा लागतात.
दहावा नेहमी सालो, तो गुडघा बदलायला परानाला गेलेला.
खणणारा एवारिस्तो टोपी काढून म्हणाला,
मी उभा राहू का, दोक्तोरा?
राहा की, म्हटलं, आणि बोटांवर पुन्हा नऊच मोजले.

मग यारेकला फोन लावला.
रेंजच्या दोन दांड्या. चेहरा आला,
तोंड अर्धं उघडं, तसाच गोठला.
मिर्ताने वाकून पाहिलं.
हा धरायचा? हा तिथे आहे
की नुसतं त्याचं चित्र राहिलंय?
रब्बी तोवांचा फोन लागेना.
निलगिरीत वारा. कुणाला तरी शेवटची बस गाठायची होती.
मी खूर शोधले. पाणी शोधलं.

म्हण, मिर्ता, मी म्हटलं.
ती म्हणाली. दोनदा अडखळली, पण थांबली नाही.

फाटकाच्या नळावर आम्ही हात धूत होतो तेव्हा
माझ्या खिशातून, सगळ्यांच्या कितीतरी मागून,
यारेकचं आमेन आलं.
एवारिस्तोने छातीवर क्रूस काढला.

रब्बी तोवांना आता पाच पानं हवी आहेत:
दहावा कोणत्या आधारावर धरला.
तीन रविवार मी सायलोपाशी बसते आहे.
माते गार होतो, बॅटरी उतरते.
एकच ओळ झाली आहे:
पाण्यात टाकून पाहिलं नाही.